दिवाबत्ती ४० रुपये

मार्चचा शेवटचा आठवडा आला की आपल्याकडं ग्रामपंचायतीचं टेबल कार्यालयातून उचलून बाहेर लिंबाखाली येतं. रिक्षावर भोंगा बांधून सकाळपासून पुकारा चाललेला असतो, घरपट्टी-पाणीपट्टी भरा. टेबलावर नमुना ९ ची, म्हणजे कुणाकडं किती कर येणं आहे याची, जाडजूड वही, तिच्यावर दगड, शेजारी नमुना १० चं पावतीपुस्तक आणि त्याच्या पानांत सरकवलेला, वापरून वापरून फिकट झालेला कार्बन. लातूर जिल्ह्यात औशाकडच्या एका गावात यंदा अशाच टेबलापुढं एक म्हातारी उभी होती. पदराची गाठ सोडून तिनं घामानं ओलसर झालेल्या नोटा काढल्या, पावती हातात घेतली आणि ती लिहिणाऱ्याच्याच पुढं धरून म्हणाली, "वाचून दाखव बाबा." त्यानं वाचलं. घरपट्टी ३८६, दिवाबत्ती ४०, आरोग्य ४०, पाणीपट्टी ७२०, एकूण ११८६. ती दुसऱ्याच ओळीवर अडली. "दिवाबत्तीचे चाळीस? आमच्या बोळात दिवाच नाय. दोन पावसाळे झाले." पोरगा म्हणाला, "मावशी, कर सगळ्यांला सारखा असतोय. दिवा असू नायतर नसू." ती जरा थांबली. मग विचारलं, "मंग दिव्याचं नाव कामून लिवलंय?"

पोरानं मान खाली घालून पुढची पावती फाडली.

कायद्याच्या अंगानं पाहिलं तर पोरगा बरोबर होता. फी म्हणजे दिलेल्या सेवेचा मोबदला, कर म्हणजे सक्तीची वर्गणी, आणि कर भरला म्हणून अमुकच सेवा माझ्या दारात द्या असं म्हणता येत नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातल्या कलम १२४ नं पंचायतीला हे कर बसवायचा अधिकार दिला आहे. पैसे नाही भरले तर कलम १२९ आहे: आधी बिल, मग मागणीची नोटीस, मग जप्तीचं वॉरंट. दिवा नाही लागला तर पंचायतीला कोण नोटीस देणार, हे मात्र म्हातारीला कुणी सांगत नाही. पण म्हातारीनं पावती जशी वाचली तशीच ती वाचायला हवी, असं राहून राहून वाटत राहतं. नाव दिव्याचं आहे, तर पैसे दिव्याचे असले पाहिजेत. एवढी साधी अट आपण सरकार नावाच्या गोष्टीला घालायची विसरून गेलो आहोत. ती सवय आपली कधी सुटली, हे शोधायला गेलं की बरंच मागं जावं लागतं.

त्या चुरगळलेल्या पावतीचं एक मोठेपण मात्र मानायला हवं. तिच्यावर कराची नावं असतात. या देशातलं सगळ्यात खालचं, सगळ्यात गरीब सरकार प्रत्येक रकमेपुढं तिचं कारण लिहून देतं. जसजसं वर जावं तसतशी कारणं पुसट होत जातात. पेट्रोल पंपावरची पावती बघा. लिटर, दर, रक्कम. त्यात राज्याचं किती, केंद्राचं किती, आणि कशासाठी, याचा पत्ता नाही. परभणी तर पेट्रोलच्या दरात राज्यात वरच्या नंबराला असते, कारण डेपो लांब आणि टँकरचं भाडं जास्त. भाड्याचा फरक निदान कळतो तरी, कर मात्र किमतीत विरघळून गेलेला असतो. पेट्रोलवर २५ टक्के व्हॅट आणि त्याच्या वर लिटरमागे पाच रुपयांहून थोडा जास्त असा ठरीव अधिभार राज्य घेतं. मोटरसायकलवर दुधाचे कॅन अडकवून पहाटे तालुक्याला जाणारा माणूस हे रोज भरतो, आणि आपण कर भरत नाही असं समजतो. "कर भरणारे" म्हणजे शहरातले नोकरदार, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते.

त्या अधिभारात आपल्या दुष्काळाचाही एक धागा आहे. १ ऑक्टोबर २०१५ पासून राज्यानं पेट्रोल-डिझेलवर लिटरमागं २ रुपये जादा घ्यायला सुरुवात केली. दारू, सिगारेट, सोनं यांवरही वाढ झाली. कारण सांगितलं होतं दुष्काळाचं, आणि कारण खरंच होतं. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण आटलेलं होतं, पुढच्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पाणी आलं. त्या वेळी दोन रुपयांबद्दल कुणी तक्रार केली असती तर मला लाज वाटली असती. मग २०१६ चा परतीचा पाऊस आला आणि धरण भरलं. नदीकाठची माणसं भरलेलं पाणी नुसतं बघायला जात होती. अधिभार मात्र उतरला नाही. एप्रिल २०१७ मध्ये पेट्रोलवरचा अधिभार ६ रुपयांवरून ९ रुपये झाला, आणि या वेळी कारण होतं महामार्गाकडेच्या दारूबंदीमुळं बुडालेला महसूल. पुढं तो काही वेळा कमीही झाला, नाही असं नाही. पण तहानेच्या नावानं बसवलेला पैसा दारूच्या तोट्यात मिसळला, तेव्हा आपल्याला कुणी विचारलं नाही. आणि आपणही विचारलं नाही.

व्यवसाय कराचंही तसंच आहे, फक्त तिथं माझं मन दोन्हीकडं ओढलं जातं. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसं अजून गावात आहेत. खडी फोडून हातांना पडलेले घट्टे, सुकडीचा वास, पाझर तलावाच्या भरावावर डोक्यावरून टोपल्या नेणाऱ्या बायांची रांग, हे सगळं त्यांच्या बोलण्यात अजून ताजं असतं. त्यातून रोजगार हमी उभी राहिली आणि तिला पैसा मिळावा म्हणून १९७५ चा व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदारानं गावातल्या मजुराच्या कामासाठी द्यायचा पैसा. इतकं स्वच्छ कारण असलेला कर क्वचितच सापडेल. लोकांनी तो दिला आणि त्यातून खरोखर चुली पेटल्या. पुढं २००५ चा केंद्राचा रोजगार हमी कायदा आला, मजुरीचा मुख्य भार दिल्लीनं उचलला. तरी पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जाणं चालूच आहे. शहरांतल्या मालमत्ता कराच्या बिलावर शिक्षण कराशेजारी रोजगार हमी कराचा रकानाही अजून आहे. हे बंद करा असं म्हणताना त्या टोपलीवाल्या बाया डोळ्यांपुढं येतात आणि जीभ अडखळते. पण त्यांच्या नावानं घेतलेला पैसा त्यांच्यापर्यंत पोचतो का, हे विचारणं हा त्यांचा अपमान नाही. कराला कारण असेल तर त्याला मुदतही असावी. मुदत संपली की पुन्हा समोर येऊन कारण सांगावं, मागावं. उसनं नेलेली परातसुद्धा आपण लग्न उरकल्यावर परत करतो.

आता त्या बोळातल्या दिव्याकडं येतो.

खांब वीज कंपनीचा असतो आणि दिवा पंचायतीचा. खांबावरून घरगुती पुरवठ्याच्या तारा जातात, पथदिव्यांसाठी एक जास्तीची तार ओढलेली असावी लागते. ती असेल तर रोहित्राजवळच्या (ट्रान्सफॉर्मरजवळच्या) एका स्विचवर सगळ्या गावाचे दिवे चालू-बंद होतात. बऱ्याच गावांत ती तार एखाद्या वादळात तुटते आणि पुन्हा ओढली जात नाही. मग दिवा थेट घरांच्या कायम चालू तारेवर, म्हणजे फेजवर जोडतात. त्यामुळं भर दुपारी उन्हात दिवे जळताना दिसतात. ज्या बोळात तार पोचत नाही तिथं अंधार. दिवा खराब होतो त्याचं कारणही बहुतेक वेळा दिव्यात नसतं. न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, सैल झाला किंवा तुटला की एका फेजवरच्या दिव्यांवर २३० ऐवजी साडेतीनशे-चारशे व्होल्टपर्यंत दाब येतो आणि एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला बेताची वीज देणारा आतला भाग, जळतो. उजेड देणाऱ्या चिपा शाबूत असतात. ड्रायव्हर काही शे रुपयांत मिळतो, गावातला वायरमनगिरी करणारा पोरगा अर्ध्या तासात तो बदलतो. पण बहुतेक वेळा पंचायतीच्या आराखड्यात "एलईडी पथदिवे खरेदी" असं काम असतं, "ड्रायव्हर बदलणे" असं नसतं. म्हणून जुना दिवा कार्यालयाच्या कोपऱ्यात, खताच्या रिकाम्या पोत्यांवर जाऊन पडतो आणि नवा येतो. नवाही त्याच सैल न्यूट्रलवर चढतो. पुढच्या वळवाच्या पावसात तोही जातो.

हिशोब मांडून बघू. ४०० घरांचं गाव, ६० दिवे, प्रत्येकी ३० वॉट. म्हणजे १.८ किलोवॉट. रात्रीचे १२ तास धरले तर रोजचे २१.६ युनिट, महिन्याचे ६४८. सगळे आकार मिळून युनिटला ८ रुपये धरले तर महिन्याला ५,१८४ रुपये आणि वर्षाला ६२,२०८. घरटी १५५ रुपये पडतात. दिवे दिवसाही जळत राहिले तर दुप्पट, घरटी ३११. आणि आपण घेतो ४०, म्हणजे ४०० घरांचे १६,०००, तेही सगळ्यांनी भरले तर. आता याच गावानं गल्लीबोळात २० वॉटचे दिवे लावले आणि अंधार पडला की पेटणारा, उजाडलं की विझणारा एक सेन्सर रोहित्राजवळच्या पेटीत बसवला, तर भार १.२ किलोवॉट, महिन्याचे ४३२ युनिट, वर्षाचे ४१,४७२ रुपये. घरटी १०४. महिन्याला ९ रुपयांच्या आत. गावातल्या हॉटेलात एका चहाला जेवढे पडतात तेवढ्यात महिनाभर बोळात उजेड. हा आकडा ग्रामसभेत फळ्यावर खडूनं लिहिला तर कुणाला कळणार नाही? म्हातारीला सगळ्यात आधी कळेल.

मग तो लिहिला का जात नाही? कारण ४० रुपयांत गावाचं भागत होतं, आणि भागत होतं ते दुसऱ्याच्या खिशावर. वर्षानुवर्षं पथदिव्यांचं बिल सरकार परस्पर, जिल्हा परिषदेच्या वाटेनं भरत असे. मीटर बंद, बिल सरासरीचं, दिवे दुपारी चालू, आणि कुणालाच त्याची टोचणी नाही, कारण बिल गावात येतच नव्हतं. २०२१ मध्ये सरकारनं सांगितलं की पथदिव्यांचं आणि पाणीपुरवठ्याचं बिल आता पंचायतींनी केंद्राकडून मिळणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून भरावं. वर्षांची थकबाकी एकदम अंगावर आली, जोडण्या तुटल्या, ऐन पावसाळ्यात गावंच्या गावं अंधारात गेली. विंचू-काट्याचे दिवस. सरपंचांनी ओरड केली ती रास्तच होती, कारण सवय लावणाऱ्यानंच एका कागदानं हात काढून घेतला होता. पण त्या अंधारात एक गोष्ट लखलखीत दिसली. जे बिल आपल्या हातात येत नाही, त्यातली गळती आपल्याला कधीच सापडत नाही.

वरून येणाऱ्या पैशाचं सगळ्यात उंच रूप म्हणजे वेशीतला हायमास्ट, टोकाला दिव्यांचं कडं असलेला उंच खांब. आमदाराला वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, खासदारालाही तेवढाच. त्यातून गावोगाव साडेबारा मीटरचे खांब उभे राहिले. उद्घाटनाला फटाके वाजले, खांबावर नाव रंगवलं गेलं. वर सहा दिवे, प्रत्येकी २०० वॉट धरा, म्हणजे १.२ किलोवॉट. वर मांडलेला हिशोब आठवा: २० वॉटचे साठ दिवेही १.२ किलोवॉटच खातात. सगळ्या गावाच्या बोळांना पुरेल एवढी वीज एकटी वेस पिते आणि बिल येतं पंचायतीला. दिवा गेला तर वर चढता येत नाही. बुडाशी असलेलं दार उघडून आतल्या विंचला दांडा लावायचा आणि पोलादी दोरावरून दिव्यांचं कडं खाली घ्यायचं, अशी रचना असते. दोराला ग्रीस लागत नाही म्हणून तो गंजतो, कडं अर्ध्यात अडकतं. दांडा कंत्राटदार घेऊन गेलेला असतो. दाराचं कुलूप तुटतं, आतली केबल चोरीला जाते. पुढं त्या खांबाच्या बुडाला शेळ्या बांधलेल्या दिसतात. ज्यानं तो दिला त्यानं चांगल्या मनानंच दिला असेल. पण गावाला कुणी विचारलं असतं की बाबांनो, हायमास्ट हवा का साठ दिवे, तर गावानं काय सांगितलं असतं? पैसा गावाचा असता तर हा प्रश्न आपोआप विचारला गेला असता.

वित्त आयोगाचा निधी हा त्यातल्या त्यात बरा, कारण तो थेट पंचायतीच्या खात्यावर येतो. आपल्या राज्यात पंधराव्या आयोगाच्या निधीतला ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० टक्के पंचायत समितीला आणि १० टक्के जिल्हा परिषदेला असा वाटा ठरला. पण २०२१-२२ पासून त्यातला ६० टक्के पैसा बंधित झाला, निम्मा पाण्यावर आणि निम्मा स्वच्छतेवर. उरला ४० टक्के, त्यातून पगार द्यायचे नाहीत. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नावरही वरून आखलेल्या रेघा आहेतच: १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी. प्रत्येक रेघेमागं एक खरी गरज आहे. पण सगळ्या रेघा एकत्र पाहिल्या की सरपंचाचं काम निर्णय घेण्याचं उरत नाही, रकाने भरण्याचं उरतं. आराखडा ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर चढवायचा, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, मग सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी या दोघांच्या डिजिटल सह्या. आणि दहा लाखांचा रस्ता करायचा तर अंदाजपत्रकात १८ टक्के जीएसटी धरावा लागतो, म्हणजे ११ लाख ८० हजार. त्यातले ९० हजार दिल्लीला, ९० हजार मुंबईला परत. करातून आलेल्या पैशावर पुन्हा कर. गाव मध्ये फक्त सही करायला.

इथं माझ्या मतालाच एक खीळ बसते, ती लपवून पुढं जाता येणार नाही. गावानं स्वतःच्या पैशावर, स्वतःच्या मर्जीनं दिवे लावले असते, तर गावकुसाबाहेरच्या वस्तीत दिवा कधी गेला असता? वेशीच्या आत सगळं उजळून झाल्यावर. ती १५ टक्क्यांची रेघ नसती तर कित्येक वस्त्यांत नळाचं पाणी आणि सिमेंटचा रस्ता गेला नसता, हे डोळ्यांनी दिसतं. म्हणून ती रेघ पुसा असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं इतकंच की अशा रेघा मोजक्या असाव्यात, न्यायाच्या असाव्यात. पाण्याला किती, झाडूला किती, दिव्याला किती हे मुंबई-दिल्लीनं सांगू नये. दुबळ्याचा वाटा कुणी गिळू नये एवढं वरच्या सरकारनं बघावं आणि बाकीचा हात आखडता घ्यावा. पेट्रोलमधून, पगारातून, सिमेंटच्या गोणीतून जो पैसा वर जातो तो थोडा कमी न्यावा. तो गावातच राहू द्यावा. गाव मग १०४ रुपये मागेल आणि लोक ते भांडून, तासून, पण देतील.

शहरांची गत बघून हे जास्तच पटतं. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था करही आधी बहुतेक व्यापाऱ्यांपुरता आणि १ जुलै २०१७ पासून सगळाच जीएसटीत विरला. महापालिकांना आता राज्याकडून महिन्याच्या महिन्याला भरपाई येते, तिच्याकडं डोळे लावून पगार होतात. छत्रपती संभाजीनगरात एप्रिल २०२० पासून पाच वर्षांहून जास्त काळ निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता, प्रशासक होते. मालमत्ता कराची बिलं मात्र दरवर्षी आली. जाब विचारायला दारच नाही, अशी ती वर्षं गेली.

आणि गावातल्या थकबाकीवर आता निम्म्या माफीच्या योजना येतात. दहा वर्षं न भरणाऱ्याला अर्धी सूट. दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत भरणाऱ्याला जी सूट मिळते ती फक्त ५ टक्क्यांची. पदराची गाठ सोडून मार्चात सगळे पैसे मोजून देणाऱ्या म्हातारीला तर तीही नाही. वसुली वाढते हे खरं, पण पुढच्या वर्षी वेळेवर भरायला कोण येईल, हा विचार माफीचा कागद काढणाऱ्यानं केला पाहिजे.

त्या दिवशी ती लगेच गेली नाही. टेबलाच्या कडेला, सावलीत बसून राहिली. पावतीची चौघडी करून चंचीत ठेवली, पुन्हा काढली. टेबलापाशी गर्दी कमी झाल्यावर तिनं पोराला विचारलं, ग्रामसभा कधी आहे. तो म्हणाला, १ मे ला. किती माणसं लागतात? शंभर, नाहीतर मतदारांच्या पंधरा टक्के, जे कमी असेल ते. नाही जमली तर तहकूब, आणि तहकूब झालेल्या सभेला माणसांची अट नसते. हे शेवटचं त्यानं हळू आवाजात सांगितलं. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं, बहुतेक बोळातली घरं. मग उठून वाटेतल्या खांबापाशी गेली, मान वर करून पाहिलं. दिव्याच्या काचेत गांधीलमाश्यांनी घर केलं होतं. खांबावर पिवळ्या रंगात नंबर होता. तिनं शाळेतून परतणाऱ्या एका पोरीला थांबवलं, पावती उलटी करून तिच्या पुढं धरली आणि म्हणाली, "बाई, एवढा खांबाचा नंबर लिव यावर. मोठ्या आकड्यात लिव."